साखरशाळा की हंगामी वसतिगृह?

आमच्या बीडकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल घेतलेली, पार मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडावर. मग पोरांचं काय करायचं?

एक सोय साखरशाळा, म्हणजे साखर कारखान्याजवळची शाळा, मजुरांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या शेजारीच. पोरं आईबापापाशी राहतात हे खरंच मोठं आहे. पण आई पहाटे अंधारातच फडात जाते, मग धाकट्याला कडेवर घेऊन थोरली पोरगी कोपीतच बसते, चूल पण तीच बघते. जिथं शाळेत बारक्यालाही बसू देतात तिथंच ती येते, नाहीतर नाव नुसतं पटावर. त्यात टोळी दुसऱ्या फडावर हलली की शाळा सुटली.

दुसरी सोय हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह, पण पोरगं गावातच आजी-आजोबांकडं राहतं, शाळा तीच, गुरुजी तेच आणि दोन वेळचं जेवण शाळा व्यवस्थापन समिती बघते, म्हणजे गावातलीच माणसं. म्हाताऱ्या आजीला रात्रीच्या भाकरीचा घोर राहत नाही, आणि पोरगं तापानं फणफणलं तर गुरुजींना घर माहीत असतं. अनुदान उशिरा आलं की किराणा उधारीवर चालतो, हे दुखणं आहेच. आणि आईची आठवण, त्याला कुठली योजना पुरणार.

तरी मला विचाराल तर सहावी-सातवीच्या पुढच्या पोरींसाठी वसतिगृहच, कारण फडावर गेलेली पोरगी कोयत्याला लागते नाहीतर लवकर लग्नाला. अगदी लहान, आईला चिकटलेली लेकरं मात्र साखरशाळेतच बरी, फक्त तिथं पाळणाघर हवंच.