सेझिन की खंडवही? जमिनीच्या दप्तरांतून स्कॉटिश पूर्वज शोधताना

माझ्या बायकोचं आजोळ मॅकेन्झींचं, वायव्य स्कॉटलंडमधल्या कॉयगाखचं. स्कॉटलंडचे जन्ममृत्यूचे सरकारी दाखले मागे जाताना १८५५ला थांबतात, आणि हायलँड्समधल्या चर्चच्या वह्या त्यापलीकडे फार लांब नेत नाहीत. मग उरतात जमिनीची दप्तरं. त्यात सेझिन रजिस्टरपासून (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंदवही) सुरुवात करावी की इस्टेटींच्या खंडवह्यांपासून (कोणतं कूळ किती खंड देतं याच्या वह्या), हा प्रश्न अनेकांना पडतो. मलाही पडला होता.

व्हॅल्युएशन रोल, म्हणजे घर-जमिनीच्या वार्षिक भाडेमूल्याच्या याद्या, वापरायला सगळ्यात सोपे, पण तेही १८५५पासूनचेच. म्हणजे जिथे दाखले आहेत तिथेच हेही हजर. शिवाय वर्षाचं भाडं चार पौंडांच्या आत असेल तर कुळाचं नाव लिहायची सक्ती नव्हती. पडताळ्यापुरते ठीक.

सेझिनचा दबदबा मोठा आहे, आणि तो उगाच नाही. १६१७पासून जमिनीच्या मालकीचे आणि गहाणाचे व्यवहार तिथे नोंदवावे लागत. आपल्या फेरफाराच्या नोंदीसारखंच, फक्त कितीतरी जुनं. १७८१पासूनचे गोषवारे छापील, इंग्रजीत आणि नावांच्या सूचीसह आहेत. बायकोचा हयातभराचा हक्क, मुलाचं नाव, जमीन गहाण ठेवून काढलेलं कर्ज, सगळं सापडतं. प्रश्न एवढाच, की कोणाचं?

मी तिथेच वैतागलो. मॅकेन्झी शोधावा तर मॅकेन्झींचा पूर येतो, पण सगळे जमीनदार. तोच केनेथ, तोच अलेक्झांडर, पुन्हा पुन्हा त्याच जमिनीवर कर्ज काढणारे. जमिनीची हद्द, गिरणी, मासेमारीचा हक्क यांचं वर्णन अगदी बारकाईनं. पण त्या जमिनीवर राबणारी माणसं ‘कुळांसह’ एवढ्या एका शब्दात संपतात. क्लॅनमधली, म्हणजे एका सरदाराला मानणाऱ्या घराण्यातली, बहुतेक माणसं जमीन कसणारी कुळंच होती, कित्येकांकडे लेखी पट्टाही नव्हता. ती या रजिस्टरात येणार कशी?

खंडवह्यांत ती येतात. कॉयगाखचं नशीब असं, की तिथला जमीनदार, क्रॉमर्टीचा अर्ल, १७४५च्या जॅकोबाइट उठावात (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूनं झालेल्या बंडात) सामील झाला आणि त्याची इस्टेट जप्त झाली. १७५२च्या कायद्यानं ती सरकारजमा झाली, १७८४ला कुटुंबाला परत मिळाली. जप्त इस्टेटींवर कुळांना शपथ घालून विचारलं जाई: रोख किती देता, वस्तूंच्या रूपात किती. त्यामुळे माणूस आणि त्याचं शेत एकाच ओळीत येतात. हायलँड्सच्या अशा वह्यांत आडनावाऐवजी कधी ‘डोनाल्ड मॅक इयन विक अलास्टर’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे इयनचा मुलगा, अलास्टरचा नातू. एका ओळीत तीन पिढ्या! सेझिनची कितीतरी पानं चाळून मला एवढं मिळालं नव्हतं.

अर्थात खंडवहीलाही खोट आहे. जमीन टॅक्समननं, म्हणजे जमीनदाराकडून पट्टा घेणाऱ्या मोठ्या कुळानं, घेऊन पुढे पोटकुळांना दिली असेल, तर वहीत कधीकधी फक्त त्याचंच नाव असतं. जप्त न झालेल्या इस्टेटींचे कागद खासगी, कुठे आहेत कुठे नाहीत. आणि जमीनदाराचंच आडनाव लावणारं कूळ त्याचं रक्ताचं नातेवाईक असेलच असं नाही. अनेकांनी ते आश्रयापोटी घेतलं.

म्हणून तुमचा पूर्वज एडिंबरा-ग्लासगोचा व्यापारी, घरमालक किंवा स्वतः जमीनदार असेल तर सेझिनच बरं, त्यात वाद नाही. वडिलोपार्जित जमीन कोणाकडे गेली हे पाहायचं असेल तर वारसांच्या नोंदीही बघा, मात्र १८४७पर्यंतच्या बहुतेक लॅटिनमध्ये आहेत. पण घराण्यात ‘आम्ही अमक्या क्लॅनचे’ एवढंच सांगत आले असतील आणि जमिनीचा एकही कागद नसेल, तर माझ्या मते आधी खंडवही. एडिंबराच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जप्त इस्टेटींचे कागद आहेत. जाण्याआधी गावाचं नाव १७४७ ते १७५५मधल्या रॉयच्या लष्करी नकाशावर शोधून ठेवा, कारण वहीतलं स्पेलिंग आजच्या पाटीशी जुळेलच असं नाही.