नळीत पाणी: टोक उघडून घ्यावं की नळीच काढावी?

एचएसजीच्या (गर्भाशय आणि बीजवाहक नळ्यांच्या एक्स-रे तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ‘हायड्रोसाल्पिंक्स’, म्हणजे बीजवाहक नळीचं टोक बंद होऊन आत पाणी साठलेलं, असं आलं की डॉक्टर मुख्यतः दोन वाटा सांगतात. दुर्बिणीतून नळीचं बंद टोक उघडायचं, नाहीतर नळी काढून आयव्हीएफकडे, म्हणजे प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडण्याकडे, जायचं. मी दुसरी वाट धरली, पण पहिलीचाही मनापासून विचार केला होता.

वय कमी, नळीची भिंत पातळ, आतलं अस्तर शाबूत आणि नवऱ्याचे रिपोर्ट चांगले असतील, तर टोक उघडून घेण्यात अर्थ आहे. घरच्या घरी दिवस राहण्याची आशा टिकते. सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं, “अगं, काढली की गेली. थोडं थांबून बघा ना.” पण उघडलेलं टोक पुन्हा चिकटू शकतं. शिवाय बीज पुढे ढकलणारे आतले सूक्ष्म तंतू जंतुसंसर्गात एकदा गेले की नळी मोकळी असूनही काम करत नाही आणि गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो. आपल्याकडे टीबीची तपासणी आधी करून घ्याच. टीबीने खराब झालेली नळी उघडून सहसा काही साधत नाही.

माझा निर्णय मात्र अंगावरून जाणाऱ्या पाण्याने केला. पांढरं जाणं वेगळं, हे चक्क पाणी. हिंजवडीच्या बसमध्ये उभी असताना अचानक ओलं व्हायचं, मग ऑफिस येईपर्यंत ओढणी सावरत राहायची. पाळी नसतानाही पर्समध्ये पॅड ठेवावंच लागे. बऱ्याच जणींना हा त्रास होत नाही, मला होत होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टरांनी फुगलेल्या नळीचा काळा, लांबट भाग दाखवला. तिथलं पाणी गर्भाशयात उतरून बाहेर येतंय, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे उद्या जिथे भ्रूण सोडायचा, तिथूनच हे वाहत होतं. त्यानंतर नळी ठेवायला माझं मन धजेना.

अभ्यासही त्याच बाजूचे आहेत. पाणी तसंच ठेवून आयव्हीएफ केलं तर यश जवळपास निम्म्यावर येतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत, सोनोग्राफीत दिसण्याइतकं पाणी असलेल्यांना नळी काढल्याचा फायदा जास्त झाला. सुईने पाणी ओढून घेता येतं, पण ते लवकरच पुन्हा भरतं. आतडी फार चिकटलेली असतील तर गर्भाशयाजवळ क्लिप लावून नळी बंद करणं हा चांगला पर्याय आहे.

भीती अंडाशयाची असते, कारण त्याचा रक्तपुरवठा नळीच्या अगदी शेजारून जातो. नळीला लगटून कापणार ना, हे सर्जनना स्पष्ट विचारा. माझा एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) नंतरही फारसा हलला नाही, पण एकीच्या अनुभवाला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. एएमएच आधीच कमी असेल तर भ्रूण गोठवून मग ऑपरेशन करण्याबद्दल बोलून घ्या. आणि दोन्ही नळ्या काढल्या की पुढे आयव्हीएफशिवाय मार्ग नाही, याला नवरा-बायको दोघांची तयारी हवी.

तरीही नळी काढायला मन होत नसेल, तर भूल देण्याआधीच सर्जनशी ठरवून संमतीपत्रावर तसं लिहून घ्या: अस्तर चांगलं दिसलं तर उघडा, खराब असेल तर काढा. सोनोग्राफीत पाणी स्पष्ट दिसत असेल, तर माझ्या मते तेवढंही अडून राहू नये.