गटाचे काम सांभाळायला शिकताना : बडोद्यातील सहा शनिवारांची कार्यशाळा

कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना गटप्रकल्पाचे व्यवस्थापन शिकवणारी एक कार्यशाळा मी गेल्या वर्षी बडोद्यात केली. सहा शनिवार, रोज तीन तास आणि शुल्क ३,५०० रुपये. त्याच सुमारास आमच्या पाच जणांच्या गटाला ९० सेकंदांचा ॲनिमेशनपट करायचा होता आणि चित्रकलेत मीच सर्वांत कच्ची असल्यामुळे मॅनेजरपद माझ्या गळ्यात पडले होते.

पहिल्या दोन शनिवारी शिकवलेल्या हिशेबानेच माझे पैसे वसूल झाले, असे म्हणायला हरकत नाही. सेकंदाला बारा चित्रे धरली, तर ९० सेकंदांना १,०८० चित्रे लागतात. आमच्याकडे चित्रे काढणारे तिघे होते आणि प्रत्येकाची दिवसाची गती अठरा चित्रांची, म्हणजे रोज चौपन्न चित्रे, एकूण वीस दिवस. हाती होते अठरा. त्यातही नऊ दिवस नवरात्राचे, आणि बडोद्यात गरब्याच्या रात्री कोणी कागदावर मान घालून बसेल अशी अपेक्षा करणेच चुकीचे. त्या नऊ दिवसांची गती मी निम्मी धरली, तेव्हा एकूण बेरीज ७२९ आली. चित्रपट ६० सेकंदांचा केला तर ७२० चित्रे पुरत होती. संहिता लिहिणारी मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण आकड्यांपुढे तिचाही इलाज नव्हता. नवरात्राची ही वजाबाकी मात्र माझी मला सुचली. मार्गदर्शकांच्या तयार तक्त्यात सगळे दिवस सारखेच होते. बडोद्यात भरणाऱ्या वर्गात ही गोष्ट पहिल्याच तासाला सांगायला हवी होती.

कामाच्या क्रमावरचा तासही उत्तम झाला. पात्रांच्या ओठांची हालचाल आवाजाबरहुकूम काढावी लागते, म्हणून संवादांचे ध्वनिमुद्रण चित्रांच्या आधी उरकावे लागते. पार्श्वसंगीत मागाहून आले तरी फारसे अडत नाही. हे ऐकले नसते, तर आम्ही नेमके उलटे केले असते.

भिंतीवर ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ असे तीन रकाने आखून त्यांत चिठ्ठ्या सरकवण्याची पद्धत शिकवली गेली. तिचे मूळ जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात आहे. एका माणसाच्या नावावर ‘चालू’ रकान्यात दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत, हा नियम आम्हाला मानवला. तरीही ध्वनिमुद्रणाची चिठ्ठी ‘झाले’मध्ये गेल्यावर दोन दिवसांनी कळले, की संवादांमागे छतावरच्या पंख्याची घरघर सलग ऐकू येते आहे. करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय काम ‘झाले’ म्हणायचे नाही, हा नियम आम्ही त्यानंतर केला.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. उदाहरणे जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर कंपन्यांची होती आणि तिथे वरिष्ठाच्या शब्दाला पगाराचे बळ असते. विद्यार्थी मॅनेजरच्या हाती ना पगार, ना बढती. ज्याला आज कामासाठी टोकायचे, त्याच्याच शेजारी उद्या सेव-उसळ खायला बसायचे. या अवघड भागाला सहाव्या शनिवारी जेमतेम अर्धा तास मिळाला. त्यात एक गोष्ट मात्र मोलाची मिळाली : तारीख आपण ठरवून द्यायची नाही, समोरच्यालाच ‘कधी देशील?’ असे विचारायचे आणि त्याने सांगितलेली तारीख त्याच्याच हाताने चिठ्ठीवर लिहून घ्यायची. आमच्यातला सर्वांत आळशी चित्रकारसुद्धा स्वतःच्या अक्षरातली तारीख सहसा चुकवत नसे.

वर्ग वेळेवर सुरू होत, शिकवणे गुजराती-हिंदीत होते, शंका विचारल्यावर कोणी वैतागत नसे. प्रत्येक गटाच्या तक्त्यावर लेखी अभिप्राय देण्याचे कबूल केले होते. दोनदा आठवण करूनही आमचा अजून आलेला नाही. पुढच्या तुकडीत नाव घालणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी तो केव्हा आणि कोण देणार, हे विचारून घ्यावे. जमल्यास तारीखही लिहून घ्यावी, त्यांच्याच हाताने.