पंख्याच्या बुशला ६८ नंबरचं टर्बाइन ऑइल : दहा महिन्यांचा अनुभव

आमच्या अभ्यासिकेत बारा वॉल फॅन आहेत. सकाळी सहाला सुरू होतात ते रात्री अकरापर्यंत. जरा कुरकुरले तरी एमपीएससीची मुलं उठून सांगायला येतात, एवढी तिथे शांतता असते. म्हणून तेलाची परीक्षा इथे लवकर होते.

आधी मी शिलाई मशीनचं तेल घालायचो. पंखा लगेच हलका व्हायचा आणि दीड महिन्यात पुन्हा जड. साखर कारखान्यात कामाला असलेल्या मेहुण्यांनी टर्बाइन ऑइल सुचवलं, व्हीजी ६८ (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर). मार्चपासून तेच वापरतोय.

या पंख्यांचा बुश, म्हणजे मोटारीचा दांडा (शाफ्ट) ज्यात फिरतो ती धातूची नळी, भरीव नसतो. तांबं आणि कथिलाची पूड दाबून, भट्टीत तापवून तो बनवतात, आणि त्याचा साधारण पाचवा हिस्सा बारीक छिद्रांचा असतो. तेल त्या छिद्रांत मुरलेलं असतं. शाफ्ट फिरून बुश गरम झाला की ते बाहेर येतं, पंखा थांबला की बरंचसं परत आत शोषलं जातं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ. शेजारी वायंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) तापलं की ते आणखी पातळ होऊन वाहून जायचं. टर्बाइन ऑइल जरा दाट आहे आणि उष्णतेत लवकर खराब होऊन चिकट होत नाही.

वरून दोन थेंब टाकून मात्र फारसा फायदा झाला नाही. बुश काढून तेलाच्या वाटीत बुडवायचा, वाटी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोन तास ठेवायची. बुडबुडे येतात, ती छिद्रांतली हवा. मग बुश तेलातच गार होऊ द्यायचा, घाई करून बाहेर काढायचा नाही, कारण गार होतानाच तो तेल आत ओढतो. बुशभोवतीची, तेल धरून ठेवणारी फेल्टची चकतीही तेलात भिजवून घ्यायची. पहिल्या खेपेला तेल काळं झालं तर ते टाकून ताज्या तेलात पुन्हा बुडवायचा.

ग्रीस अजिबात लावू नका. मी दोन पंख्यांना लावलं होतं. छिद्रं बुजली, आतलं तेल शाफ्टपर्यंत पोचेना, आणि दोन्ही जाम झाले. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो उरलंसुरलं तेल धुऊन काढतो आणि आठवड्यात पंखा किंचाळायला लागतो.

आज दहा पंखे पुन्हा तेल न घालता शांत चालू आहेत. डिसेंबरच्या थंडीत खिडकीजवळचा एक पहिल्या स्पीडवर उठायला वेळ लावायचा, त्याला ४६ नंबरचं, म्हणजे जरा पातळ तेल घातलं, तोही ठीक झाला. बाराव्याचा आवाज तसाच आहे. त्याच्या शाफ्टला नखाला लागेल एवढी खाच पडली आहे, तिथे तेल काही करू शकत नाही. नवीन शाफ्ट आणि बुश सांगितलेत.