कॉफ्स हार्बर, कॅम्परव्हॅन आणि सोबत आप्पा: एका सावदेकराचा रिव्ह्यू

ऑस्ट्रेलियाला जाणारे आपल्याकडचे लोक सिडनीला ऑपेरा हाऊसपुढे फोटो काढतात, मेलबर्नला कुणाकडे तरी राहतात आणि परत येतात. कॉफ्स हार्बरबद्दल मराठीत मला तरी काही वाचायला मिळालं नाही म्हणून लिहितोय. सिडनीहून पॅसिफिक हायवेने उत्तरेला साधारण ५३० किमी, ब्रिस्बेनकडून येणाऱ्याला चारशेच्या आत. समुद्रकाठचं गाव, पण मागे लगेच डोंगर आणि त्या डोंगरांवर केळी! रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला एवढं पुरेसं आहे ना भो.

आम्ही तिघं, मी, बायको आणि आप्पा. भाड्याने कॅम्परव्हॅन घ्यायचं खरं कारण आप्पाच, कारण त्यांना हॉटेलचं जेवण दोन वेळच्या वर चालत नाही आणि व्हॅनमध्ये गॅस, सिंक, फ्रिज, झोपायला जागा सगळं सोबत असतं. सकाळी उठलं की चहा स्वतःच्या हाताचा. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

आता भाड्याच्या कंपनीबद्दल. नाव लिहीत नाही, पण काउंटरवर इन्शुरन्सचं असं काही घाबरवतात की माणूस सगळ्यात महागडं पॅकेज घेऊन मोकळा होतो, वर डिपॉझिटची मोठी रक्कम क्रेडिट कार्डवर अडकते ती वेगळीच, तेव्हा लिमिट बघून जा. मागची बॅटरी अर्ध्या रात्री झोपली आणि फोन केला तर म्हणे गाडी चालवा, चार्ज होईल. रात्री दोनला कुठे चालवू बाबा? हे आधी समजून घ्या की बॅटरीवर फ्रिज, लाईट आणि पाण्याचा पंप चालतो, मायक्रोवेव्ह आणि एसी मात्र कॅराव्हान पार्कातल्या (अशा गाड्या रात्री लावायची जागा) विजेच्या खांबाला वायर जोडली तरच चालतात (निदान आमच्या गाडीत तरी). म्हणून पार्कात 'पॉवर्ड साईट'च, म्हणजे वीज असलेलीच जागा घ्या, थोडे पैसे वाचवायच्या नादात थंडीत कुडकुडाल, आम्ही ऑगस्टमध्ये होतो, तिकडे तेव्हा हिवाळा, दिवसा छान ऊन पण रात्री आपल्या डिसेंबरसारखा गारठा.

टॉयलेटची कॅसेट असते, म्हणजे खालची मैल्याची टाकी, ती काढून डम्प पॉइंटला (ती ओतायची ठरलेली जागा) स्वतः रिकामी करायची, त्याला माणूस मिळत नाही. घरातून निघायच्या आधीच हे काम कुणाचं ते ठरवून घ्या.

गाडी चालवायला सोपी, डाव्या बाजूनेच ट्रॅफिक, आणि फिरायला आलेल्याला आपलं इंग्रजीतलं लायसन्स चालतं. फक्त अंधार पडायच्या आत पोहोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. आणि समुद्रासमोर फुकट जागा दिसली म्हणून तिथेच झोपायचं नाही, पाट्या वाचा, काउन्सिलवाले (तिथली नगरपालिका) दंड करतात.

गावात शिरताना हायवेलाच बिग बनाना लागतं. १९६४ साली उभारलेलं काँक्रीटचं केळं, आतून चालत जाता येतं, फोटोला पैसे नाहीत. ऑस्ट्रेलियात अशा 'बिग' वस्तू गावोगाव आहेत, त्यातली ही अगदी सुरुवातीची. आप्पांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "इतलं पिवयं केयं? हे मार्केटले जायपर्यंत सडून जाईन." त्यांचंही बरोबर, आपल्याकडे माल हिरवाच कापून वॅगनमध्ये भरतो. बाकी आत वॉटर पार्क, घसरगाडी वगैरे सगळ्याचं वेगळं तिकीट, लहान मुलं असतील तर ठीक, नाहीतर अर्ध्या तासात उरकतं. चॉकलेटमध्ये बुडवून गोठवलेलं केळं मिळतं, बायकोला आवडलं, आप्पांनी काडी हातात धरून नुसतं बघितलं.

खरी मजा डोंगरात आहे. सीली लुकआउटवर गाडी नेली (घाट चढाचा आहे, मोठी व्हॅन असेल तर सावकाश), तिथून गाव, बंदर, समुद्र आणि खाली उतारावर केळीच्या बागा दिसतात. आपल्या तापीकाठच्या सपाट काळ्या जमिनीत केळी बघितलेल्या माणसाला हे पटतच नाही, एवढ्या उभ्या चढावर घड कापून खाली आणायचा कसा! तरी केळी वरच का, तर कारण साधं आहे, थंड हवा खाली दरीत उतरते, तिथे गोठलेल्या दहिवराने पान करपतं, वर उतारावर ती टिकत नाही, आणि दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येतं म्हणून बागा उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर. आप्पा तिथे बाकावर बसून बराच वेळ हिशेब करत होते, मजुरी किती, पाणी कुठून, ड्रिप आहे का.

पण केळी आता तिथे कमी उरलीय. ऑस्ट्रेलियाची नव्वद टक्क्यांहून जास्त केळी वर उत्तर क्वीन्सलँडमध्ये होतात, टली-इनिसफेलकडे, तिथे गरम आणि भरपूर पाऊस. कॉफ्सच्या डोंगरात बऱ्याच ठिकाणी ब्लूबेरी आली, पांढऱ्या जाळ्या दिसतात त्या त्याच. ही सगळी माहिती आम्हाला वूलगूलगाला मिळाली, कॉफ्सहून उत्तरेला पंचवीस किमी, आणि माझ्या मते आख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा. छोटंसं बीचचं गाव आणि मधोमध पांढराशुभ्र घुमटाचा गुरुद्वारा! १९४० च्या दशकात पंजाबी शीख इथे केळीच्या बागांत मजुरीला आले, मग हळूहळू स्वतःच्या बागा घेतल्या. ऑस्ट्रेलियातला पहिला गुरुद्वारा १९६८ साली याच गावात झाला.

रविवारी गेलो, लंगर मिळाला, डाळ-रोटी-खीर. आप्पांना दिल्लीच्या आझादपूर मंडीत शिकलेली हिंदी इथे कामाला आली, एका सरदारजींबरोबर असे काही बसले की उठायचं नाव नाही. ते सरदारजी सांगत होते की २००६ ला लॅरी आणि २०११ ला यासी वादळाने क्वीन्सलँडच्या बागा आडव्या केल्या तेव्हा केळी प्रचंड महागली आणि ज्याच्या बागा इकडे उभ्या होत्या त्याची चांदी झाली. आप्पा लगेच म्हणाले, आमच्याकडे वादळ आलं की आमच्याच बागा जातात, भाव दुसऱ्याला मिळतो. दोघंही हसले.

समुद्राबद्दल थोडक्यात. कॉफ्सची जेटी (बोटी लागायचा धक्का) १८९२ ची, लाकडी, संध्याकाळी चालायला छान. तिथून मटनबर्ड आयलंडवर बांधावरून चालत जाता येतं, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची जागा, पायवाट सोडायची नाही. जून ते नोव्हेंबर हंपबॅक व्हेल जातात, आम्हाला दोनदा पाण्याचा फवारा दिसला, मायला एवढ्या लांबून पण कळतं. पोहायचं तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, बाहेरची ओढ फसवी असते.

पार्कातले फुकटचे इलेक्ट्रिक बार्बेक्यू भन्नाट, बटण दाबा आणि तवा तापतो, लोक वापरून पुसून ठेवतात. पण भरीत त्यावर होत नाही, सुपरमार्केटचं काळं वांगं नुसतं पिचकं झालं, आपलं हिरवं बामणोदचं वांगं नाही आणि खाली कपाशीच्या काड्यांचा जाळही नाही. मिरचीचा ठेचा तेवढा जमला. भारतातून मसाले नेणार असाल तर विमानातल्या कार्डावर सगळं डिक्लेअर करा, लपवलं तर दंड जबर आहे.

गावाला पाचपैकी साडेचार, वूलगूलगाला पाच, बिग बनानाला अडीच, व्हॅन कंपनीला दोन आणि तेही गाडीचं इंजिन चांगलं होतं म्हणून. ख्रिसमस ते जानेवारी तिकडे शाळांना सुट्ट्या असतात, त्या दिवसांत जायचं असेल तर पार्कातली जागा काही महिने आधीच बुक करा, आणि सोबत म्हातारं माणूस असेल तर टॉयलेट ब्लॉकच्या जवळची साईट मागून घ्या, विचारलं की देतात.