भूमितीच्या तासाला स्टॉप-मोशन, जिओजेब्रा की नुसती कात्री?

सातवीला पायथागोरसचा सिद्धांत शिकवायचाय, हाताशी एक स्मार्टफोन आहे आणि स्टॉप-मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत फोटो काढून त्यांची फिल्म, करून बघायचा हुरूप आहे. करावं का? माझ्या मते हे धड्यावर ठरतं. आकृती तशीच राहून नुसती जागा बदलत असेल, तर स्टॉप-मोशन. आकृतीच बदलत जाते आणि तिचा एखादा गुणधर्म मात्र टिकून राहतो, असं असेल तर जिओजेब्रा, म्हणजे पडद्यावर आकृत्या काढून त्या हलवून बघायचं सॉफ्टवेअर.

पायथागोरस पहिल्या गटातला. कार्डशीटवर ७ सेंमी बाजूचा चौरस काढा. ३, ४, ५ सेंमी बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कापून त्याच्या चार कोपऱ्यांत असे बसवा, की मधे कर्णावरचा तिरपा चौरस रिकामा राहील. आता एक त्रिकोण जागेवर ठेवायचा आणि बाकीचे तीन सरकवायचे. समोरच्या कोपऱ्यातला त्रिकोण शेजारच्यांच्या कर्णांना घासत येऊन पहिल्याला चिकटतो, उरलेले दोघे तसेच एकमेकांना चिकटतात. त्रिकोण तेवढेच, चौरस तोच, पण रिकामी जागा आता ३ आणि ४ बाजूंच्या दोन चौरसांची. गंमत म्हणजे ते तिघे अनुक्रमे ५, ४ आणि ३ सेंमी सरकतात! एकूण १२ सेंमी. दर अर्ध्या सेंमीला एक असे २४ फोटो, सेकंदाला ६ फोटोंच्या वेगाने चार सेकंदांची फिल्म.

चार सेकंदांसाठी दोन तास मोडतात, हे आधीच मान्य करा. पण त्या दोन तासांत पट्टी, पेन्सिल आणि त्रिकोण मुलांच्या हातात असतात. त्रिकोण वाकडा सरकला तर फिल्ममध्ये तो थरथरतो, चूक कुणी दाखवून द्यावी लागत नाही. फोन टेबलाला समांतर नसेल तर चौरसाचा समलंब चौकोन दिसतो. त्यावरच दहा मिनिटं बोलता येतं. बाकी कटकटी नेहमीच्याच: हाताची सावली, टेबलाला धक्का, फोकस आपोआप बदलणं. दोन स्टुलांवर आडव्या फळीवर फोन ठेवला आणि फोकस लॉक केला की बरंच निभावतं. (दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या सरकवून फिल्म केली ती १९१५ मध्ये, तेव्हा फोन नव्हता ही सबब चालली नाही.)

आता अर्धवर्तुळातला कोन घ्या. परिघावर बिंदू कुठेही घ्या, कोन ९०°च. हे स्टॉप-मोशनने करायचं तर दर फोटोला नवा त्रिकोण काढावा लागेल. कशाला? ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं जिओजेब्रा शाळेसाठी फुकट आहे, फोनवर चालतं, आणि त्यात तो बिंदू बोटाने फिरवला की झालं. अट एकच, बोट मुलांचं हवं. प्रोजेक्टरवर बाईच बिंदू फिरवत असतील तर वर्ग प्रेक्षक होतो. तयार व्हिडिओचंही तेच, म्हणून त्याला इथे वेगळी जागा देत नाही.

आणि कात्री? त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायला, किंवा समांतरभुज चौकोनाचा एका कडेचा त्रिकोण कापून दुसरीकडे लावायला पाच मिनिटं पुरतात. इथे कॅमेरा आणणं म्हणजे हौस. मुलं गैरहजर राहतात, धडा पुन्हा दाखवायचाय, असं असेल तर ठीक.

स्टॉप-मोशनचा एक दोष मात्र खर्चाचा किंवा वेळेचा नाही. ते खोटंही तितक्याच सफाईने दाखवतं. ८ × ८ चा चौरस चार तुकड्यांत कापून ५ × १३ चा आयत जुळवायचं जुनं कोडं आहे: ६४ चे ६५ होतात. कर्णालगत एक चौरस एककाची बारीक फट असते. कागदावर ती कापण्याची चूक वाटून सुटते, फिल्ममध्ये तर दिसतही नाही. जिओजेब्रात झूम केलं की फट उघडी पडते. म्हणून पायथागोरसची फिल्म झाली की लगेच ही दुसरी करायला द्या, आणि मुलांनाच विचारा की पहिलीवर विश्वास का ठेवायचा.