'विश यू वेअर हिअर': पन्नास वर्षे रिकामी ठेवलेली जागा

सप्टेंबर १९७५ मध्ये प्रकाशित झालेला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम आजवर किती वेळा ऐकला याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे, तरीही तो लावला की हातातले काम बाजूला ठेवावेच लागते. एकूण पाच ट्रॅक आणि सुमारे ४४ मिनिटांचे संगीत, एवढाच हा ऐवज. त्यावर चाहत्यांनी अर्धे शतक जीव लावला आहे आणि माझ्या मते त्याचे कारण त्याच्या विषयातच आहे. हा अल्बम निघून गेलेल्या एका माणसाविषयी आहे, परंतु त्या माणसाची जागा त्यात शेवटपर्यंत रिकामी राहते आणि ऐकणारा प्रत्येक जण नकळत आपले कोणी हरवलेले माणूस तिथे आणून बसवतो.

तो माणूस म्हणजे सिड बॅरेट, बँडचा पहिला म्होरक्या आणि सुरुवातीच्या बहुतेक गाण्यांचा कर्ता. मानसिक अवस्था ढासळत गेल्यामुळे १९६८ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. त्यानंतर पाच वर्षांनी 'द डार्क साइड ऑफ द मून'ने बँडला जगभर अफाट यश मिळवून दिले आणि त्या यशानंतर पुढे काय करायचे हेच कोणाला उमगेना. १९७५ च्या जानेवारीत ॲबी रोड स्टुडिओत बँडमधले चौघे पुन्हा एकत्र आले, तेव्हा कामात कोणाचे मन लागत नव्हते. अखेर रॉजर वॉटर्सने 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही सिडवरची नऊ भागांची दीर्घ रचना मधोमध तोडून अल्बमच्या दोन टोकांना ठेवायची आणि मैफलींत वाजवून तयार असलेली दुसरी दोन गाणी वगळायची, असा प्रस्ताव मांडला. डेव्हिड गिलमोरचा त्याला विरोध होता. वगळलेली गाणी पुढे १९७७ च्या 'ॲनिमल्स'मध्ये नव्या रूपात आली आणि तिथे ती शोभलीही; पण या अल्बमचा घाट त्या एका निर्णयामुळेच साधला, असे मला ठामपणे वाटते.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'ची सुरुवात हा या अल्बमचा प्राण आहे. आरंभी कानावर येतो तो काचेच्या पेल्यांच्या काठावरून ओले बोट फिरवल्यावर निघणारा नाद; घरगुती वस्तूंमधून संगीत काढण्याच्या एका अर्ध्यावर सोडलेल्या प्रयोगातून तो इथे आला. त्यावर रिचर्ड राइटच्या सिंथेसायझरचे सूर धुक्यासारखे पसरत जातात, मग गिलमोरची गिटार एखाद्या संथ आलापासारखी एकेक वाक्य बोलते आणि दोन वाक्यांच्या मध्ये पुरेसा श्वास घेते. जवळजवळ चार मिनिटांनी सगळे शांत होते आणि केवळ चार स्वर वाजतात. चौथा स्वर अपेक्षित ठिकाणी उतरत नाही, अधांतरी लटकून राहतो. मग थोडा वेळ काहीच घडत नाही. तेच चार स्वर पुन्हा येतात, पुन्हा शांतता पसरते आणि त्यानंतर कुठे निक मेसनचे ड्रम्स आत येतात. हेडफोन लावून ऐकताना त्या शांततेत चौथ्या स्वराचा विरत जाणारा पडसाद अगदी शेवटच्या कणापर्यंत ऐकू येतो आणि त्या दोन-तीन सेकंदांत माझा श्वास आजही अडकतो. वॉटर्सचा आवाज येईपर्यंत साडेआठ मिनिटे उलटून गेलेली असतात. ज्याला हाक मारायची आहे तो समोर नाही, हे शब्दांच्या आधी वाद्यांनी सांगून टाकलेले असते.

५ जून १९७५ रोजी याच रचनेचे मिक्सिंग चालू असताना सिड अचानक स्टुडिओत आला, ही हकिकत चाहत्यांना तोंडपाठ आहे. शरीर स्थूल झालेले, डोके आणि भुवया भादरलेल्या. जुन्या सोबत्यांनीही त्याला लगेच ओळखले नाही. तरीही अल्बमचे मोल या प्रसंगावर अवलंबून आहे असे मी मानत नाही, कारण ज्याला ही कथा ठाऊक नाही असा श्रोताही त्या चार स्वरांपाशी थबकतो.

मधल्या गाण्यांबद्दल मात्र मी तितकासा हळवा नाही. 'वेलकम टू द मशीन'मधील यंत्राची धडधड अजूनही अंगावर येते. 'हॅव अ सिगार' हे रेकॉर्ड कंपन्यांच्या गोडबोलेपणावरचे रागाचे गाणे आहे. वॉटर्सचा आवाज थकल्यामुळे आणि गिलमोरने नकार दिल्यामुळे ते रॉय हार्पर या बाहेरच्या गायकाने गायले, आणि झकास गायले. परंतु त्यातला राग एका व्यवसायापुरता आहे, त्यामुळे आजूबाजूच्या अथांग दुःखासमोर तो थोडा तोकडा पडतो. अखेरीस परत येणाऱ्या 'शाइन ऑन'मध्ये सातव्या भागानंतर वीण काहीशी सैल होते, हेही कबूल केले पाहिजे. अल्बम आला तेव्हा सगळ्याच समीक्षकांनी त्याचे स्वागत केले नव्हते. तो थंड आणि निर्विकार आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. मला तो आक्षेप पटत नाही, आणि त्याला उत्तर म्हणून मी शीर्षकगीतातला एक खोकला पुढे करीन.

'हॅव अ सिगार' संपता संपता आवाज एकदम आक्रसतो आणि एखाद्या जुन्या रेडिओच्या डबीतून आल्यासारखा होतो. स्टेशन बदलल्याची खरखर ऐकू येते, संवादाचा तुकडा येतो, रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या चौथ्या सिम्फनीची झुळूक येऊन जाते आणि मग बारा तारांच्या गिटारची ती सर्वपरिचित धून सुरू होते, तीही रेडिओतूनच. थोड्या वेळाने दुसरी गिटार वाजू लागते आणि ती मात्र अगदी स्वच्छ, आपल्या खोलीत बसून कोणी वाजवावी इतकी जवळची असते. तिच्या आधी कोणीतरी खोकते, नाकाने श्वास ओढते. दूरच्या रेडिओवर वाजणाऱ्या गिटारीला घरात एकटा बसलेला माणूस साथ करतो आहे, हे सारे चित्र त्या एका खोकल्याने उभे राहते. तो पुसून टाकणे सहज शक्य होते. ठेवला, हे आपले भाग्य.

म्हणूनच हा अल्बम कसा ऐकावा याला महत्त्व आहे. मी वापरत असलेल्या एका ॲपवर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभराची फट पडत असे. त्यामुळे रेडिओचा आवाज मध्येच तुटायचा आणि शीर्षकगीताच्या शेवटी वाहणारा, थेट पुढच्या रचनेत शिरणारा वारा कापला जायचा. इतका सुंदर सांधा असा उसवलेला पाहून मला फार वाईट वाटत असे. ती फट बंद करण्याची सोय असेल तर आधी ती करून घ्यावी आणि ट्रॅकचा क्रम मुळीच बदलू नये. एलपी मिळाली तर उत्तमच, कारण 'हिप्नोसिस' या डिझाइन संस्थेने केलेले मुखपृष्ठ मोठ्या आकारात पाहण्यासारखे आहे. दोन माणसे हस्तांदोलन करताहेत आणि त्यांतला एक पेटलेला आहे. ती आग खरी होती. वाऱ्याची दिशा फिरल्याने त्या स्टंटमनच्या मिशा होरपळल्या. दुकानात मात्र हे चित्र दिसतच नसे, कारण पहिल्या आवृत्तीवर काळे अपारदर्शक वेष्टन होते. ज्या अल्बमचा विषयच गैरहजेरी आहे, त्याचे मुखपृष्ठही गैरहजर ठेवण्याची ही कल्पना मला अजून थक्क करते. २०११ च्या विस्तारित आवृत्तीत स्टेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनसह शीर्षकगीत ऐकायला मिळते. ते अतिशय गोड आहे, पण एकटेपण थोडे कमी झाल्यासारखे वाटते, म्हणून मी मूळ गाण्याकडेच परत येतो.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे एकत्र आले, तेव्हा वॉटर्सने शीर्षकगीत हजर नसलेल्या सर्वांना आणि विशेषतः सिडला अर्पण केले. पुढच्याच वर्षी सिड गेला, २००८ मध्ये राइटही गेला. राइटचा हा अत्यंत आवडता अल्बम होता आणि त्याचा शेवटही त्याच्याच हातचा आहे. 'शाइन ऑन'चा नववा भाग विरत जाताना त्याच्या कीबोर्डवर सिडच्या १९६७ च्या 'सी एमिली प्ले' या गाण्यातली एक ओळ हळूच वाजते. मला ती कित्येक वर्षे ऐकूच आली नव्हती, कारण तोवर आवाज अगदी क्षीण झालेला असतो. शेवटचे अर्धे मिनिट उरले की आवाज वाढवावा.